टेकायची भिंत

भिंत बरी आहे की नाही हे जिभेला कळतं. डोळ्यांना चुन्याची प्रत्येक भिंत पांढरीच दिसते. म्हणून माझे गुरू पावलूमेस्त कुठल्याही भिंतीला ब्रश लावण्याआधी तिच्यावर बोट घासायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. खारट लागलं की डब्याचं झाकण परत बंद. मालकाला सांगायचे, "आधी गवंडी बोलव रे बाबा, मगे माका." समुद्राकाठी वाळूतून, पाण्यातून, वाऱ्यातून भिंतीत खार शिरतो आणि काही वर्षांनी आतून पांढरा फुलतो. खार फुटलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग द्या, तो पिठासारखा गळून पडतो. हे बोटाचं आणि जिभेचं शास्त्र मी मेस्तांकडून शिकलो, त्यावर पोट भरलं, आणि एकदा भर ग्रामसभेत त्याच बोटानं खोटं बोललो.

या अंकाच्या संपादकांनी मला 'गावातली सार्वजनिक कला, काल आणि आज' असा भारदस्त विषय दिला आहे. मालवणच्या आसपासच्या वाड्यांमध्ये ज्या भिंती आम्ही रंगवल्या त्यांना कला म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला 'काम' म्हणायचो. विषयावर लिहायला बसलो की मला एकच भिंत आठवते. तर तिच्याविषयीच लिहितो. बाकीचं तिच्यामागून येईल तेवढं येऊ दे.

आधी धंदा सांगतो. मी सुरुवात केली तेव्हा भिंत ही सरकारची पाटी होती. पोलिओचे डोस, मुलगी शिकवा, शौचालय बांधा. ही वाक्यं तालुक्याहून कागदावर यायची, शुद्ध मराठीत, आणि आम्ही ती सुतानं रेघा मारून पिवळ्यावर निळी लिहायचो. वाचायचं कुणीच नाही. एका घोषणेखाली बसून एक आजोबा रोज विडी ओढायचे. मी विचारलं, "आजोबा, वर काय लिवलाहा वाचलास?" ते म्हणाले, "वर बघूक मान खंय वळता? सावली बरी पडता म्हणान बसतंय." तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं, भिंतीविषयी इतकं नेमकं मला पुढं कुणीच सांगितलं नाही.

मग होड्यांची नावं, दुकानांचे बोर्ड, आंगणेवाडीच्या जत्रेतल्या खाज्याच्या दुकानांच्या पाट्या. गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका खानावळवाल्याला बोर्डावर सुरमई हवी होती. मी काढली. "ल्हान दिसता." मोठी केली. "अजून." शेवटी सुरमई ताटाबाहेर, बोर्डाबाहेर, दरवाजाच्या चौकटीवर शेपटी टाकून बसली, तेव्हा त्याचं समाधान झालं. पुढं गिऱ्हाइकं आत शिरताना शेपटीला हात लावून शिरायची. एका होडीवाल्याला आईचं नाव नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, हवं होतं, पण इंजिनाचा धूर तिला लागता कामा नये. त्यासाठी मी वाऱ्याची दिशा बघत दोन दिवस किनाऱ्यावर बसलो होतो.

त्यानंतर फ्लेक्स आला आणि आमचे ब्रश सुकले. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं एका रात्रीत छापून मिळू लागलं. मी घरांना आतून प्लास्टिक पेंट मारून दिवस काढले. आणि मग पर्यटक आले, आणि पर्यटकांमागून आलं 'सुशोभीकरण'. भिंतींना परत भाव आला. फरक एवढाच की आता भिंत वाचायची नव्हती, तिच्यापुढं उभं राहून फोटो काढायचा होता. मी जेटीच्या वाटेवर मोठे पांढरे पंख काढले, मधोमध माणसाला उभं राहायला जागा सोडली. पोरीबाळी रांग लावायच्या. आमच्या वाडीतली जनाकाकी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्या पंखांसमोर थांबली, मागं वळून बघितलं आणि म्हणाली, "सदा, मेल्या, माका कोंबडी केलंस मां!"

ही जनाकाकी आणि तिची भिंत, हाच या लेखाचा विषय.

आमच्या वाडीत किनाऱ्यालगत मासळीच्या लिलावाची शेड आहे. तीन बाजूंनी उघडी, लोखंडी पायपांचे खांब, वर पत्रे, आणि जमिनीकडच्या बाजूला एकच लांब भिंत, जुनी, चुन्याची. त्या भिंतीवर पावलूमेस्तांनी मी पंचविशीत असताना रापण काढली होती. रापण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणतात, आणि सगळी वाडी दोन रांगांत उभी राहून ते ओढते. तोंड समुद्राकडं, पावलं मागं मागं. आणि नियम असा की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो होडीचा मालक असो, शाळेचा मास्तर असो की सुट्टीला आलेला कुणाचा जावई.

मेस्तांनी ती रांग मागून काढली. सगळ्या पाठी. एकही चेहरा नाही. आणि तरी वाडीतल्या प्रत्येकाला प्रत्येकजण ओळखू यायचा. कुणाची मान, कुणाचं ढुंगण, कुणाची लुंगी खोचायची तऱ्हा. गोव्यात चर्चच्या भिंती रंगवून आलेला हा माणूस. तिकडं चेहऱ्यांना इतके नियम होते, म्हणायचा, की हय मी पाठी काढतलंय, पाठीक कोण नियम सांगणा नाय. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली होतो. माझीही एक-दोन माणसं असावीत अशी माझी फार इच्छा होती. एक काढलंही. मेस्तांनी ओल्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, "वाळू तुझी, माणसां माझी." मी त्या भिंतीवर वाळू रंगवली. वाळू छान होती. वाळूकडं कोण बघतं?

रांगेच्या अगदी शेवटाला दोर गुंडाळत उभा होता भिवा, जनाकाकीचा नवरा. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, लहानपणी माडावरून पडला होता त्याचा. डोक्याला चौकड्याचा पंचा. चित्र झाल्यावर काही वर्षांनी भिवा काविळीनं गेला. त्याचा फोटो म्हणावा तर मतदानाच्या कार्डावरचा एक. तो काकी कुणाला दाखवायची नाही. म्हणायची, "ह्यो माझो घोव न्हय. पोलिसांनी धरलेलो चोर दिसता." ती रोज पहाटे लिलावाला यायची, मासळी घ्यायची, आणि निवडायला बसायची ती बरोबर भिवाखाली. चित्रातली माणसं कमरेएवढीच उंच, खाली जमिनीलगत. काकी पाटावर बसून भिंतीला टेकली की भिवा पूर्ण झाकला जायचा. तिची पाठ त्याच्या पाठीला. ती उठली की तो दिसायचा. इतकी सवय झाली होती आम्हाला, की भिवा दिसला की म्हणायचे, "काकी बाजारात गेली वाटता."

मग सुशोभीकरणाचा निधी आमच्या पंचायतीला आला. शेडची भिंत त्यात धरलेली होती. वरून नमुना आला: डॉल्फिन, कासव, पोवळी आणि मधे पाठीवर नळकांडं घेतलेला एक डुबकी मारणारा. पंचायतीचं सभागृह गळत होतं म्हणून ग्रामसभा शेडमध्येच भरली. लोक कुरकुरले. रापण पुसायची का? आमच्या सरपंच शुभदावहिनी सरळ बाई. सभेत त्या शुद्ध बोलतात. म्हणाल्या, "चित्र चांगल्या अवस्थेत असेल तर आपण हात लावायचा नाही. पण भिंतच खराब झाली असेल तर निधी परत घालवण्यात अर्थ नाही. पेंटर, तुम्ही तज्ज्ञ आहात. तुम्ही सांगा."

सगळी वाडी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "काकी, वायच उठ गो." काकी उठली. भिवा दिसला. मी त्याच्या त्या खालच्या खांद्यावर बोट घासलं आणि जिभेला लावलं, अगदी मेस्त लावायचे तसं.

खारट लागलं नाही. चुना लागला, आणि त्यासोबत काहीतरी सौम्य, गोडसर, जे मला तेव्हा ओळखता आलं नाही. भिंत ठणठणीत होती. मी तोंड वाकडं केलं, थुंकलो आणि म्हणालो, "खार फुटलो. आतून गेला सगळा. वरसभरात आपसूक पडतला."

कुणी शंका घेतली नाही. मेस्तांचा चेला, मेस्तांची रीत. काकीनं भिवाकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मेल्यावर पण खारच लागलो रे तुका."

पैशासाठी केलं असं मी लिहिलं असतं तर तुम्ही मला अर्धं माफ केलं असतं. कामं नव्हती हे खरं. पण ते कारण नव्हतं. ते काम मला पंचायतीच्या कंपाउंडच्या भिंतीवरही मिळालं असतं, वहिनींनी तशी तयारी दाखवली होती. मला ती भिंत हवी होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांची अक्षरं लिहिली. आणि आमच्या गावात 'भिंत' म्हटलं की लोकांना एकच भिंत आठवायची, जिच्यावर माझी फक्त वाळू होती. मेस्त तोवर वारले होते, त्यांच्या क्रुसावरची अक्षरं मीच रंगवली होती, हुंदके देत. त्यांच्यावर माझी माया होती. त्यांचं चित्र मात्र मला सलत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे मला स्वतःवरून कळलं.

मी भिंत घासली, पाण्यातला प्रायमर मारला. रांगेतली माणसं एकेक करून पांढरी झाली. भिवाच्या जागी प्रायमर धरेना. ब्रश फिरवला की फुटायचा, पानावरच्या पाण्यासारखे थेंब व्हायचे. मी सोड्यानं धुतलं, पुन्हा मारलं, तिथं चार हात जास्त दिले आणि त्यावर तो डुबकी मारणारा बसवला. खाली कोपऱ्यात माझं नाव, मोबाइल नंबरासकट.

चित्र लोकांना आवडलं, हेही प्रामाणिकपणे लिहितो. पर्यटक थांबायचे. काकी तेवढी हलली. ती आता पलीकडच्या पायपाला टेकून बसू लागली. पाइप पाठीत रुतायचा म्हणून तिनं त्याला गोणपाट गुंडाळलं. माझ्यावर राग नाही, काही नाही. मी गेलो की पाटीतले चार बांगडे काढून द्यायची आणि म्हणायची, "तुझे डॉलपीन बरे आसत हां सदा. फक्त लिलावात घालूक येणत नाय." ते बांगडे मला गिळवायचे नाहीत. बायको म्हणायची, ताजे आसत, खात कित्या नाय? मी म्हणायचो, पित्त झालंय. कितीतरी दिवस माझं पित्त चाललं होतं.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत पाण्यात जातात, तेव्हा बायका शेड धुऊन काढतात. त्या वर्षी, माझ्या चित्रानं तीन पावसाळे काढल्यानंतर, काकी भिंतीवरून झाडू मारत होती. डुबकी मारणाऱ्याच्या पोटाशी एक पापुद्रा सुटलेला होता. झाडूत अडकला आणि टराटरा सोलत खाली आला, पिकलेल्या केळ्याची साल यावी तसा. मागं भिवा. खांदा, पंचा, दोराचं वेटोळं. काल काढल्यासारखा.

काकीनं झाडू टाकला आणि ओरडली, "अगे बाये, ह्यो इलो!"

मी पोचलो तोवर अर्धी वाडी जमली होती. बाकीची भिंत अजून डॉल्फिनांचीच होती. नेमका भिवा तेवढा परत आला होता. शिवाय भर ग्रामसभेत मीच तर सांगितलं होतं की चित्र आतून गेलंय. मग हे काय? तातू गांवकर हे आमच्या वाडीतले मानकरी, देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. तातूंनी भिंतीकडं पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "खारान खाल्लेलो माणूस परत येता खंय? ही देवाची करणी आसा. हय ग्रील घालूया. खाली फरशी. कोणी टेकूचा नाय, पाय लावूचो नाय."

लगेच नारळ आला. हळद-कुंकू आलं. गर्दी जरा सैल झाली तशी काकीनं आपला पाट उचलला आणि भिवाखाली नेऊन ठेवला. बसणार एवढ्यात तातू म्हणाले, "काकी, आता थय नको गो. जागो देवाचो झालो."

काकीनं पाट उचलला आणि परत त्या पायपाकडं गेली. गोणपाट नीट केलं आणि बसली.

मी एका क्षणात सुटलो होतो, हे तुमच्या लक्षात येतंय ना? माझं खोटं आता चमत्काराचा पहिला भाग झालं होतं. मी 'गेलं' म्हटलं म्हणून तर परत येण्याला किंमत आली. गप्प बसलो असतो तर जन्मभर कुणी मला विचारलं नसतं. उलट, ग्रील रंगवायचं कामही मलाच मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं होतं. तातूंनी नारळ हातात घेतला. त्यांचा आवाज मोठा आणि खडा. "बा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां हय जमा झाली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"गेलेलो माणूस तू भिंतीतसून परत दाखवलंस, तो मान आमी राखतलो..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोणाच्या हातसून काय वाकडा-वायट घडला असात, तर ता पोटात घाल, आणि सगळ्यांका एकमेळान ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या तोंडून आवाज आला नाही. मी तातूंच्या शेजारीच उभा होतो. ते नारळ फोडायचे थांबले. गाऱ्हाण्यात एक जरी आवाज कमी पडला तरी मानकऱ्याला तो कळतो. "सदा, तुझो आवाज नाय इलो."

मी म्हणालो, "नाय इलो. माझ्याच हातसून घडला."

"काय?"

"खार नव्हतो. त्या दिवशी मी जिभेक बोट लावलंय, तेवा खारट लागलाच नाय. भिंत बरी होती. माका व्हयी होती म्हणान खोटा बोललंय. आणि ही करणी-बिरणी काय नाय, तातूनू. तेलकट जागेर रंग धरणा नाय. हय तेल आसा."

"खयचा तेल?"

मी काकीकडं बघितलं. रात्रभर मी तेच आठवत होतो. ते फुटणारे थेंब, ती गोडसर चव. "काकीच्या डोक्याचा. येवढी वर्सां ती रोज हय टेकान बसली. केसांचा तेल चुन्यात मुरला. माझो रंग थय बसलोच नाय. बाकीच्यांका धरलो, भिवाक धरलो नाय."

मग पायपाकडून काकी उठली. हळूहळू चालत भिंतीपाशी आली. भिवाच्या खांद्यावर बोट घासलं, नाकाशी नेलं, मग जिभेला लावलं.

"खवाट खोबरेल," ती म्हणाली. आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अगो, माझाच तेल!"

कुणीतरी हसलं. मग दोघंतिघं. मी मात्र हसण्याच्या जागी नव्हतो. शुभदावहिनी पुढं आल्या. सुरुवात त्यांनी शुद्धच केली, "पेंटर, तुमच्या शब्दावर ग्रामसभेनं ठराव केला होता," आणि पुढं त्यांना आवरलं नाही, "शिरा पडली तुझ्या जिभेर! मेस्ताची रीत वापरान खोटा बोललंस?" तातूंनी माझ्याकडं पाहिलंच नाही. नारळ तसाच हातात धरून ते खाली बसले. त्यांचा चमत्कारही मी मोडला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी काकीसमोर हात जोडले. ती म्हणाली, "माफी-बिफी घरात ठेव. तीन पावसाळे माका त्या पायपाक टेकवलंस. माझी कंबर गेली. आता ते डॉलपीन काढ."

"काढतंय."

"तुज्या हातान काढ. आणि सांबाळान. थय आमची माणसां हत."

ते काढणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. रंग लावायला हात लागतो, काढायला जीव. गरम पाण्याचं फडकं दाबायचं, पापुद्र्याची कड उचलायची, खाली बोथट सुरी सरकवायची. आणि तरी नुकसान झालंच. चुन्यातला रंग भुकटीसारखा असतो. माझ्या प्लास्टिक पेंटला तो चिकटून यायचा. पापुद्रा उलटा केला की मागं कुणाचीतरी पाठ, उलट्या बाजूची, फिकट. वाडीतले लोक आपापली माणसं शोधायला येऊन बसले. "आमचे बाबा खंय?" "हे बघ, लुंगी आसा. मान गेली." एकीनं सासऱ्याचा पापुद्रा पदरात घेऊन घरी नेला आणि देवांपाशी ठेवला. तिच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती. त्या रांगेतली निम्मी माणसं मी कायमची घालवली. हे कितीही आशेनं लिहिलं तरी खरं आहे, आणि तसंच राहील.

निम्मी उरली, निम्म्या जागा पांढऱ्या. पुन्हा ग्रामसभा. या वेळी मला कुणी तज्ज्ञ म्हटलं नाही आणि मी मागं बसलो. कुणी म्हणालं, मोकळ्या जागा तशाच ठेवा. कुणी म्हणालं, डॉल्फिनच बरे होते, पर्यटक यायचे. माझ्या बाजूनं तेवढा एकच आवाज आला, आणि तो मला नको होता. शेवटी ठरलं की गेलेली माणसं त्यांच्या घरच्यांनी सांगायची, आणि जी जागा कुणाचीच आठवत नाही तिथं आत्ताची माणसं घ्यायची. त्यावरून वाद झाला. आमच्या होड्यांवर आता बरेच खलाशी नेपाळचे आहेत. त्यातला कमल वर्षानुवर्षं इथंच आहे, मालवणी आमच्यापेक्षा बरी बोलतो. त्याचं नाव कुणीतरी घेतलं. एकजण म्हणाला, "तो खयचो? तो आमच्या भिंतीर कित्या?"

काकी पायपाकडूनच ओरडली, "दोराक हात लागलो मां? मगे वाटो आसा!"

रापणीचा नियमच तो. कमलची पाठ आता डाव्या दोरावर तिसरी आहे. बाजूला शुभदावहिनींची आहे, पदर खोचलेली. तातू गांवकरांनी बरेच दिवस आढेवेढे घेतले, मग एका सकाळी येऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "काढ बघया. पण टक्कल दाखवू नको."

माणसं मी एकट्यानं काढली नाहीत. घरचे लोक मागं उभे राहून सांगायचे, "आजो वायच वाकलेलो होतो," "अरे, पायांत अंतर जास्त," आणि कुणी कोळशानं स्वतःच रेघ मारायचं. मी रंग मिसळून द्यायचो, चुन्यातलेच. मेस्तांसारखं झालं नाही. काही पाठी हसवतात. पण ज्याची त्याला ओळखू येते. खाली कुणाचं नाव नाही. मी पुन्हा वाळू रंगवली, आणि या वेळी ती रंगवताना मला काही कमी वाटलं नाही.

आता आसपासच्या गावांतून भिंतींसाठी बोलावणं येतं. शाळा, एसटीचे थांबे, मसुऱ्याच्या वाटेवरची एक विहीर. माझं कबुलीजबाबाचं प्रकरण सगळीकडं पोचलेलं असतं, त्यावरून चेष्टाही होते. "पेंटरनू, आधी जीभ दाखवा." मी दाखवतो. मग मी विचारतो, हय कोण बसता? कोण टेकता? लोक आधी गोंधळतात. मग सांगू लागतात. त्या विहिरीवर बायका कपडे धुऊन झाले की उन्हाला पाठ देऊन बसतात, म्हणून तिथं मी काहीच काढलं नाही, फक्त भिंत गुळगुळीत करून दिली. पंचायतीनं विचारलं, चित्र कुठाय? बायकांनीच उत्तर दिलं, "आमी थय बसलो काय मगे दिसता." संपादकांनी दिलेल्या विषयावर माझं म्हणणं एवढंच आहे.

भिंतीचं काम संपून शेड परत सुरू झाली त्या पहाटे मी लवकर गेलो होतो. रंग हाताला लागत नाही ना, बघायला. भिवा तसाच होता. त्याला मी ब्रश लावलाच नव्हता. काकी आली. पाटी खाली ठेवली, पाट भिंतीपाशी सरकवला आणि बसताना मुद्दाम अंबाडा सोडला. केस तेलानं चपचपीत, कंदिलाच्या वातीसारखे.

"काकी, आज डोक्याक काय केलंस गो?"

"तुका काय करूचा आसा? तीन पावसाळ्यांचा रवलेला तेल आज एकदम घातलंय," ती म्हणाली, आणि टेकली. भिवा दिसेनासा झाला. तिनं पाटीतून चार बांगडे काढून माझ्या हातात दिले.

"पित्त बरा झाला काय?"

म्हणजे तिचे बांगडे मला गिळवत नव्हते, हे तिला माहीत होतं. मी बांगडे घेतले. त्या दिवशी ते जेवलो.